रायगड जिल्ह्यात भाताचं पीक खरंच कमी होतंय का?

हो, पण एकरी उतारा नाही, जमीन कमी होतेय. मी राहतो दादरला पण गाव कर्जतकडे, दर जुलैत लावणीला जातोच. कर्जतच्याच संशोधन केंद्राच्या कर्जत-३, कर्जत-७ अशा बियाण्यांनी उतारा चांगला येतो, राजनाला कालव्यावर उन्हाळी भातही होतं, पण शेजारचं शेत प्लॉट पाडून विकलं की पाणी यायची वाटच बंद आणि मग आपलंही पडीक. शिवाय माणसं कुठायत? गेल्या वर्षी रोपं उपटून मुठी बांधून ठेवलेल्या, लावायला हात नाहीत म्हणून बांधावरच पिवळ्या पडल्या, जीव तुटतो हो बघून. पेण-अलिबागकडे तर खारबंदिस्ती, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारे बांध, फुटून खारं पाणी शिरतं, कित्येक शेतांत आता कांदळवन उभंय.