आईला कर्करोग होता, मी काय काळजी घेऊ?

प्रश्न : माझ्या आईला ५२व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. मी ४१ वर्षांची आहे. साखर पूर्ण सोडली, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू केल्या. एवढं पुरेल का?

उत्तर : आधी गोळ्यांविषयी बोलते, कारण मला त्यांचीच काळजी वाटते. १९९४ साली फिनलंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला. भाज्या-फळांतून मिळणारं द्रव्य गोळीतून घेतल्यावर तसाच फायदा देईल, असं नाही. डॉक्टरांनी एखादी कमतरता पाहून दिल्या नसतील तर बंद करा.

साखर कमी केलीत, छान. पण तिचा फायदा मुख्यतः वजन आटोक्यात राहण्यातून मिळतो. आतड्याला खरा आधार तंतुमय अन्नाचा : अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या. सॉसेज, हॅमसारखं प्रक्रिया केलेलं मांस खात असाल तर सोडाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्येच ते कर्करोगकारक ठरवलं आहे. दारूही त्याच यादीत आहे. तंबाखूबद्दल तुम्ही लिहिलं नाही. असेल तर आधी ती सोडा. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला.

मात्र तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ताटाबाहेरची आहे. आई किंवा वडिलांना हा आजार झाला असेल तर साधारणपणे चाळिशीत, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेरा असलेल्या नळीनं मोठ्या आतड्याची आतून तपासणी, करतात. तुमची वेळ आलेली आहे. आतड्यातले पॉलिप, म्हणजे आतल्या आवरणावर वाढलेल्या छोट्या गाठी, कर्करोग होण्याआधीच त्या तपासणीत काढता येतात. कृपा करून याच महिन्यात डॉक्टरांना भेटा, आणि भावंडं असतील तर त्यांनाही सांगा.