पीसी हवा, पण त्याची घरघर नको

प्रश्न : ताई, आम्ही कासारवडवलीला राहतो. हॉलमधल्या ५५ इंची टीव्हीला जोडून गेम आणि सिनेमे या दोन्हींसाठी पीसी बांधून घ्यायचाय. बजेट अडीच लाख. बाबा रात्री दहानंतर त्याच खोलीत नाट्यसंगीताची जुनी रेकॉर्डिंग ऐकत बसतात, त्यामुळे मशीनची घरघर चालणार नाही. दुकानदाराने कोअर आय९ १४९००के, लिक्विड कूलर आणि सात रंगीत पंख्यांचं काचेचं कॅबिनेट सुचवलंय. टीव्ही युनिटच्या खालच्या बंद कप्प्यात ते ठेवू म्हणतो. बाबांचा संग्रह असलेल्या ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्कही त्यातच बसवायच्या आहेत. काय घेऊ?

उत्तर : आधी मला सांगा, हॉलमधला पंखा रात्री कितीवर असतो? तीनवर असेल तर निम्मी काळजी मिटली. त्याच्या फरफरीपुढे नीट बांधलेला पीसी ऐकूच येत नाही. घोडबंदर रोडवरून रात्रभर जाणारे कंटेनर आहेत ते वेगळेच. तेव्हा अगदी शून्य आवाजाच्या नादी लागून पैसे उडवू नका. दोन तानांमधल्या शांततेत बाबांच्या कपाळावर आठी पडली नाही, म्हणजे जमलं.

नौपाड्यात मी बावीस वर्षं मशीन जोडतेय. सुरुवातीला लॅमिंग्टन रोडवरून कॅबिनेट घ्यायचं, ग्रँट रोडला गाडी पकडायची, दादरला बदलायची, आणि ठाण्याला उतरेपर्यंत लोकांच्या शिव्या खायच्या. तेव्हापासून माझा हिशेब वॅटवरून सुरू होतो. मशीन जेवढी वीज खातं, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन तुमच्या हॉलमध्ये येते. ती ढकलायला पंखे लागतात, आणि आवाज पंख्यांचा असतो. जी उष्णता झालीच नाही, तिला पंखाही लागत नाही.

दुकानदाराचा प्रोसेसर वाईट नाही, पण त्याची कमाल टर्बो पॉवर, म्हणजे पूर्ण जोरात पळताना खाल्लेली वीज, २५३ वॅट आहे. त्याऐवजी एएमडीचा रायझन ७ ९८००एक्सथ्रीडी घ्या. आठ कोअर, टीडीपी (कंपनीने सांगितलेली उष्णता) १२० वॅट, आणि गेम चालू असताना बहुतेकदा शंभर वॅटच्या आतच. ९६ एमबी एल३ कॅशमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातल्या जलद मेमरीमुळे, गेममध्ये तो आय९च्याही पुढे जातो. आधीच्या ७८००एक्सथ्रीडीमध्ये ही जादा कॅश कोअरच्या वर रचलेली होती, त्यामुळे उष्णता कूलरपर्यंत पोचायला अडथळा व्हायचा. ९८००मध्ये ती कोअरच्या खाली गेली. अंगावरची गोधडी काढून अंगाखाली घातली, असं समजा. तुमचा व्हिडिओ एडिटिंगचा धंदा असता तर वेगळं बोलले असते.

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०७० टीआय. मेमरी १६ जीबी, वीज ३०० वॅट. वरच्या ५०८०लाही १६ जीबीच आहे आणि खाणं ३६० वॅट. तेवढ्यासाठी मी तरी जादा पैसे मोजणार नाही. मात्र तीन पंख्यांचं, जाडजूड हीटसिंकचं (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं) मॉडेल बघा. दोन पंख्यांचं आखूड कार्ड स्वस्त पडतं आणि बोंबलतं. घरी आल्यावर एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने खायच्या विजेची मर्यादा, २५० वॅटच्या आसपास आणा. फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, थोड्याच कमी होतात, पंखे मात्र चांगलेच मंदावतात. माझ्या मुलाच्या मशीनवर मी हे गुपचूप केलं होतं. सांगेपर्यंत त्याला पत्ता नव्हता.

आता पंखे. सात पंखे पाहून मी हसले, पण आकड्याला हसले नाही. पंखा निम्म्या वेगाने फिरवला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर वाढतो फक्त ३ डेसिबलने. म्हणजे जास्त पंखे हळू फिरवणं फायद्याचं. बिघडतं ते काचेमुळे : पुढे काच लावली की हवा आत यायला फट उरते, आणि पंखे धापा टाकतात. पुढे जाळी असलेलं कॅबिनेट, १४० मिलिमीटरचे तीन पंखे, वेग ६००-७०० आरपीएम (मिनिटाला फेरे). प्रोसेसरवर हवेचा मोठा कूलर. नॉक्टुआचा एनएच-डी१५ मला आवडतो. त्याच्या पंख्यांचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आहे, पण जाळीआड कोण बघतंय? उंची १६५ मिलिमीटर आहे, तेवढी जागा कॅबिनेटमध्ये आहे ना ते मोजून घ्या.

कानाला सतत येणाऱ्या आवाजाहून चढउतार जास्त टोचतो. ब्राउझर उघडला की पंखा उसळतो, लगेच बसतो, परत उसळतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, फॅन कर्व्हच्या (तापमानाप्रमाणे पंख्याचा वेग ठरवणाऱ्या आलेखाच्या) जवळच वेग किती सेकंदांनी बदलावा याची सोय बहुतेक मदरबोर्डना असते. ती चार-पाच सेकंदांवर ठेवा. यात एक पैसा जात नाही, आणि दुकानात जोडलेल्या दहातल्या नऊ मशीनमध्ये कोणी ते केलेलं नसतं.

माझी एक चूक सांगते. वाशीच्या एका गिऱ्हाइकाला मी आतून फोम लावलेलं, सगळीकडून बंद कॅबिनेट दिलं. जानेवारीत इतकं शांत, की त्यांनी पेढे पाठवले. मे महिन्यात फोन आला, ‘मॅडम, विमान उडतंय.’ बहुतेक परदेशी चाचण्या २०-२२ अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. आपल्याकडे एसी बंद असला की हॉल ३२ अंशांचा, म्हणजे तिथला प्रत्येक आकडा दहा अंशांनी वर. फोम आवाज अडवतो तशी उष्णताही अडवतो. जाळीचं कॅबिनेट मी पदरचं घालून बदलून दिलं. पेढे तेव्हा संपलेले होते.

यावरून तुमच्या बंद कप्प्याचं उत्तर तुम्हाला मिळालंच असेल. शिवाय ते कॅबिनेट आत मावणारही नाही. टीव्ही युनिट साधारण १६ इंच, म्हणजे ४० सेंटीमीटर खोल असतं. अशी कॅबिनेट ४५-५० सेंटीमीटरची, आणि मागे वायरींना जागा हवी ती वेगळीच. युनिटच्या शेजारी, भिंतीपासून वीतभर पुढे, छोट्या स्टुलावर ठेवा. जमिनीवर नको. मेट्रो चारच्या कामाची धूळ तुम्ही खाल्लीच आहे, मशीनला कशाला? पुढची जाळी महिन्यातून एकदा नळाखाली धरा आणि पूर्ण वाळवून लावा.

हार्ड डिस्क यात अजिबात नकोत. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, आणि ती गुणगुण कॅबिनेटच्या पत्र्यातून स्टुलात, स्टुलातून जमिनीत उतरते. बाबांच्या कानाला तीच आधी लागेल. पीसीत २ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी घाला, त्यात फिरणारं काही नसतं. दोन्ही डिस्क छोट्या नॅसमध्ये (नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या डब्यात) घालून तो बेडरूमच्या माळ्यावर ठेवा आणि लॅनची वायर ओढून घ्या. संग्रहाची आणखी एक प्रत कुठेतरी ठेवा, आणि हे काम नवा पीसी यायच्या आधी करा.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, ८५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा, कमी लोडला पंखा बंद ठेवणारा. तुमचं मशीन पाचशेच्या आत राहील, म्हणजे सिनेमा बघताना त्याचा पंखा फिरणारच नाही. कार्डाची जाड पॉवर केबल पूर्ण आत बसली आहे ना ते टॉर्च लावून बघा. अर्धवट बसली तर वितळते.

राहिला टीव्ही. ४के १२० हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला १२० चित्रांसाठी, एचडीएमआय २.१ लागतं. बऱ्याच टीव्हींच्या चारपैकी दोनच पोर्टना ते असतं, आणि त्यातलाच एक ईआर्कचा, म्हणजे साउंडबारचा. उरलेला पीसीला द्या. सेट टॉप बॉक्सवाला माणूस नेमकी हीच जागा अडवून जातो.

प्रश्न : नेरूळहून लिहितेय. नवं ग्राफिक्स कार्ड गेमच्या मेनूमध्ये बारीक शिट्टी वाजवतं, खेळ सुरू झाला की थांबतं. परत करू का?

उत्तर : पंखा नाही तो, कॉइल आहे, म्हणजे तारेचं वेटोळं. कार्डावरच्या कॉइलमधून वीज भराभर कमीजास्त होते तशा त्या थरथरतात. मेनूत काढायला फारसं काही नसतं, म्हणून कार्ड सेकंदाला हजार फ्रेम फेकत बसतं, आणि शिट्टी चढते. फ्रेम रेट तुमच्या मॉनिटरच्या हर्ट्झवर बांधून टाका. कार्डाला धोका नाही. त्यानंतरही खेळताना ऐकू आली, तर मात्र बदलीची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.

प्रश्न : लिक्विड कूलर मधूनच गुळण्या केल्यासारखा वाजतो. (कोपरी)

उत्तर : पंपात हवा अडकलीय. रेडिएटर (पाणी थंड करणारी पंखेवाली जाळी) कॅबिनेटच्या छताला लावून घ्या, म्हणजे पंप खाली राहील आणि हवा वर जाऊन बसेल. तसं करूनही आठवडाभर वाजलाच, तर वॉरंटी कार्ड शोधा.