धावताना जांघेत दुखतं, पण एक्स-रे नॉर्मल आला. तरी खुब्यात स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं का?

हो, असू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत वारंवारच्या ताणाने हाडाला पडलेली ही बारीक चीर एक्स-रेवर बहुतेकदा दिसतच नाही, त्यामुळे नॉर्मल रिपोर्टवर विसंबून पुन्हा धावायला लागू नका. वजन टाकल्यावर जांघेत खोलवर दुखणं, विश्रांतीने कमी होणं आणि पाय आत वळवताना कळ येणं ही लक्षणं असतील तर एमआरआयच करून घ्या. हाडातली सूज त्यात लवकर कळते.

चीर मांडीच्या हाडाच्या मानेत (खुब्यातल्या गोल टोकाखालच्या अरुंद भागात) नेमकी कुठे आहे, हे फार महत्त्वाचं. खालच्या बाजूची लहान चीर अनेकदा कुबड्या आणि विश्रांतीने भरते. वरच्या बाजूची मात्र सरकू शकते, मग डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते (डोकं म्हणजे मांडीच्या हाडाचं गोल टोक). तिथे बहुधा स्क्रू घालावे लागतात.

निदान होईपर्यंत त्या पायावर भार नको, कुबड्या आजच घ्या. दुखतं का हे बघायला एका पायावर उड्या तर अजिबात मारू नका.