वाचकांचे प्रश्न : वर्षभरात एकच शर्यत जिंकूनही जगज्जेता

मागच्या अंकात आम्ही टूरिंग कारच्या, म्हणजे रस्त्यावरच्या साध्या मॉडेलवरून शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांच्या, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेवर, म्हणजे डब्ल्यूटीसीसीवर, लेख दिला होता. त्यात बीएमडब्ल्यू चालवणारा ब्रिटिश चालक अँडी प्रियो याचा उल्लेख होता. त्यावर आलेली निम्म्याहून जास्त पत्रं प्रियोबद्दलच आहेत, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : प्रियो 2005 साली फक्त एक शर्यत जिंकून जगज्जेता झाला असं तुम्ही लिहिलंत. छपाईची चूक आहे का? (कोल्हापूर)

चूक नाही. त्या वर्षी दहा ठिकाणी प्रत्येकी दोन, अशा वीस शर्यती झाल्या. पहिल्या आठ क्रमांकांना 10, 8, 6, 5, 4, 3, 2, 1 असे गुण मिळायचे. प्रियोचे झाले 101, दुसऱ्या आलेल्या डर्क म्युलरचे 86 आणि तिसऱ्या फाब्रित्सिओ जोव्हानार्दीचे 81. आता 101 ला वीसने भागा. सरासरी पाचाला जरा वर येते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक शर्यतीत चौथा क्रमांक. वर्षभर चौथा येणारा माणूस जगज्जेता होतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण नियमच तसे होते.

पहिला नियम वजनाचा. चांगला निकाल लागला की पुढच्या ठिकाणच्या शर्यतींसाठी गाडीच्या तळाला धातूच्या पट्ट्या बोल्टने आवळून वजन वाढवलं जायचं. जास्तीचं वजन सरळ रस्त्यावर फारसं जाणवत नाही, त्याचा त्रास ब्रेकिंगला होतो. गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, ब्रेक लवकर तापतात आणि शर्यतीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात पुढच्या टायरची पकड सुटायला लागते. अशा गाडीने जिंकण्याचा हट्ट धरला की टायर संपतात आणि मागचे तिघे-चौघे शेवटच्या दोन फेऱ्यांत पुढे निघून जातात. जड गाडी सहावी आणून तीन गुण खिशात घालणं हे वेगळं कसब आहे, आणि प्रियो त्यात तयार होता. दुसरा नियम उलट्या क्रमाचा, तो पुढच्या उत्तरात.

एक गंमत सांगायची राहिली. 2004 च्या युरोपीय अजिंक्यपदात प्रियो आणि डर्क म्युलर यांचे गुण सारखे झाले आणि जास्त शर्यती जिंकल्यामुळे प्रियो विजेता ठरला. 2005 मध्ये दुसरा पुन्हा डर्क म्युलर. 2006 मध्ये 73 विरुद्ध 72 अशा एका गुणाने हरला तो यॉर्ग म्युलर, आणि 2007 मध्ये इव्हान म्युलर. पहिले दोघे जर्मन, तिसरा फ्रेंच, कुणाचं कुणाशी नातं नाही. चारही वर्षं प्रियोच्या खालोखाल कुणीतरी म्युलर होताच!

प्रश्न : उलटा क्रम म्हणजे नेमकं काय? मुद्दाम आठवं येण्यात फायदा असतो का? (नाशिक)

पहिल्या शर्यतीतले पहिले आठ जण दुसऱ्या शर्यतीत उलट्या क्रमाने उभे राहायचे. आठवा सगळ्यात पुढे, विजेता आठव्या जागी. नववा मात्र नवव्याच जागी.

हिशेब मांडून पाहा. पहिली शर्यत जिंकलात आणि दुसरीत आठव्या जागेवरून सहावे आलात, तर 10 आणि 3 मिळून 13. पहिलीत तिसरे आलात, म्हणजे दुसरीत सहाव्या जागेवरून सुटलात आणि पुन्हा तिसरे आलात, तर 6 आणि 6 मिळून 12. पहिलीत आठवे येऊन दुसरी जिंकलात तर 1 आणि 10, म्हणजे 11. तिन्ही वाटांनी साधारण तेवढंच हाती लागतं. पण तिसऱ्या वाटेवर खड्डा आहे. आठवा येता येता नववा आलात तर गुण शून्य आणि पुढची जागाही गेली. म्हणून मुद्दाम आठवं येण्याचा बेत शहाणा संघ सहसा करत नाही. परिस्थिती तिथे घेऊन गेली तर मात्र तिचं सोनं करता आलं पाहिजे.

2007 साली मकाऊला नेमकं हेच घडलं. वर्षातल्या त्या शेवटच्या ठिकाणी प्रियो आणि इव्हान म्युलर दोघेही 81 गुणांवर आले होते. मकाऊचा गिया सर्किट म्हणजे गावातले रस्तेच, सहा किलोमीटरहून थोडा लांब, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, आणि मेल्को वळणावर तर ओव्हरटेक करायचा विचारही करू नये इतका अरुंद. पहिल्या शर्यतीत म्युलर पुढे होता. शेवटच्या फेरीत त्याच्या डिझेल सिआट लिऑनच्या इंधन पंपाने दगा दिला. शर्यत आलँ मेन्यूला मिळाली आणि मागचे सगळे एकेक जागा वर सरकले. प्रियो आठवा ठरला. एक गुण आणि दुसऱ्या शर्यतीत सगळ्यात पुढची जागा. ती शर्यत त्याने जिंकली. 81 अधिक 1 अधिक 10, झाले 92. म्युलर 81 वरच राहिला. मकाऊत पुढून सुटलेल्याला गाठणं किती कठीण आहे हे लक्षात घेतलं, तर त्या एका गुणापेक्षा त्यासोबत आलेली जागा कितीतरी महाग होती.

प्रश्न : बीएमडब्ल्यूला मागच्या चाकांच्या ताकदीचा फायदा मिळायचा अशी तक्रार होती. खरी होती का? (पुणे)

अर्धी खरी. उभ्या गाडीने सुरुवात करताना वजन मागे सरकतं आणि मागच्या चाकांवर दाब येतो. ताकद तिथेच असेल तर गाडी उडी मारल्यासारखी निघते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या सिआट, शेव्हरोले, अल्फा या गाड्यांची चाकं त्याच क्षणी हलकी होऊन जागेवर फिरतात. म्हणून 2007 साली पहिली शर्यत चालत्या गाड्यांनी आणि फक्त दुसरी उभ्या गाड्यांनी सुरू व्हायची. प्रियोला मकाऊत पुढची जागा नेमकी उभ्या सुरुवातीच्या शर्यतीत मिळाली, हेही ध्यानात ठेवा.

लांब पल्ल्यातही फरक पडतो. पुढच्या चाकांच्या गाडीत वळवणं, ओढणं आणि बहुतेक ब्रेकिंग ही तिन्ही कामं दोनच टायरवर येतात. दहाव्या फेरीनंतर ते जास्त तापतात आणि गाडी वळणात बाहेर सरकू लागते. उलट पहिल्या दोन फेऱ्यांत तिचे मागचे टायर थंड असतात, आणि चालकाने वळणात एकदम पेडल सोडलं की गाडी मागून फिरते. पहिल्या फेरीतले बरेच अपघात असेच होतात.

बीएमडब्ल्यूचं नुकसान कुठे होतं? मागच्या चाकांच्या गाडीला किमान वजन जास्त ठेवलेलं होतं. शिवाय टर्बो डिझेल सिआटचा जोर वळणातून बाहेर पडताना बीएमडब्ल्यूच्या पेट्रोल इंजिनाला झेपत नसे. बीएमडब्ल्यूने 2006 पासून नवी 320एसआय उतरवली होती. शर्यतीत चालवायची तर तीच गाडी रस्त्यावरही विकायला हवी, म्हणून 2600 गाड्या बनवल्या गेल्या. गाडीत दोष नव्हताच, पण तशीच गाडी कारखान्याच्या इतर चालकांकडेही होती, आणि वर सांगितलेल्या तीन म्युलरांपैकी दोघे तर बीएमडब्ल्यूच चालवत होते.

प्रश्न : तो कार्टिंगमधून वर आला का? (सांगली)

त्याची ओळख झाली ती डोंगरचढाईतून, म्हणजे हिलक्लाइंबमधून. प्रियो गर्न्सीचा, इंग्लिश खाडीतल्या छोट्या बेटाचा. तिथे रस्त्यावरची कमाल वेगमर्यादा ताशी 35 मैल आहे, आणि त्याच बेटावर सेंट पीटर पोर्टमधल्या व्हाल दे तेर या घाटरस्त्यावर ब्रिटिश हिलक्लाइंबची फेरी होते. वडील याच खेळातले. 1995 साली अँडी पिलबीम गाडीवर ब्रिटिश हिलक्लाइंब विजेता झाला.

या खेळात प्रत्येक जण घड्याळाविरुद्ध एकटा धावतो आणि सगळ्यात वेगवान बारा जण अंतिम धावेला येतात. शेल्सली वॉल्शसारखी चढण अवघी हजार यार्डांची आहे, अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. टायर तापवायला फेऱ्या नाहीत, चूक भरून काढायला दुसरं वळण नाही. थंड टायरवर पहिल्याच वळणात किती पकड आहे हे पायाला आणि पाठीला कळावं लागतं. टूरिंग कारच्या पात्रता फेरीत नवे टायर एक-दोनच फेऱ्या उत्तम चालतात, तिथे हीच सवय कामी येते.

पुढे सर्किटवर यायला पैसे नव्हते. घर विकून तो आणि त्याची बायको कॅरॅव्हॅनमध्ये राहिले. 1999 मध्ये ब्रिटिश रेनो स्पायडर मालिकेतल्या तेराही शर्यती त्याने जिंकल्या. 2000 साली तो ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरला, त्याच वर्षी आपला नारायण कार्तिकेयनही तिथे होता. पण फॉर्म्युला वनची वाट प्रियोसाठी उघडली नाही. 2001 मध्ये ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत पाहुणा म्हणून गेला तो थेट पोल, म्हणजे सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा, घेऊन, 2002 मध्ये होंडा सिव्हिकवर नॉकहिलला जिंकला आणि 2003 पासून बीएमडब्ल्यूसाठी युरोपात गेला. ब्रिटिश स्पर्धेचं विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही. 2015 मध्ये तो तिथे परत आला, तेव्हाही नाही.

प्रश्न : टूरिंग कारचा चालक जीटीमध्ये गेला की काय बदलतं? गाडी जास्त वेगवान, एवढंच ना? (ठाणे)

जीटी म्हणजे स्पोर्ट्स गाड्यांच्या, बहुधा लांब पल्ल्याच्या शर्यती. वेग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. सर्वात मोठा बदल म्हणजे गाडी तुमची एकट्याची राहत नाही. दोघा-तिघांसाठी एकच सेटिंग असते, आणि ती बहुधा कुणाच्याच पूर्ण मनासारखी नसते. दुसऱ्याला नको असलेली सेटिंग मागून स्वतः पाव सेकंद वेगवान होणारा चालक संघाला महागात पडतो. त्यात ल मांसाठी, म्हणजे फ्रान्समधल्या 24 तासांच्या शर्यतीसाठी, नियमही आहे : एका चालकाला कुठल्याही सहा तासांत चारपेक्षा जास्त तास आणि एकूण चौदापेक्षा जास्त तास चालवता येत नाही. म्हणजे सगळ्यात हळू चालकाची फेरीही तुमचीच असते.

दुसरं, टूरिंग कारमध्ये दरवाज्याला दरवाजा घासला तर कुणी मनावर घेत नाही. जीटी गाडीत कार्बनचा पुढचा ओठ किंवा मागचा डिफ्यूझर तुटला की हवेचा दाब जातो आणि गाडी पिटमध्ये आणावी लागते. त्यात मागून प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठीच बनवलेल्या जास्त वेगवान गाड्या लाइट मारत येतात. नवखा चालक सभ्यपणे बाजूला होतो आणि नेमका त्यांच्याच वाटेत जातो. आपली रेघ सोडायची नाही, त्यांना वाट काढू द्यायची. आणि शक्य तर त्यांना वळणाच्या आधीच जाऊ द्यायचं, कारण वळणाच्या मध्यात ते आतून घुसले की तुमचा बाहेर पडण्याचा वेग मरतो.

तिसरं म्हणजे पिटमधली अदलाबदल. पिटच्या गल्लीत शिरल्यावर जाणारा चालक पट्टे सैल करतो, थांबताच रेडिओचा प्लग आणि पाण्याची नळी काढतो आणि आपला सीटचा साचा घेऊन बाहेर येतो. येणारा आपला साचा टाकून बसतो, जाणारा त्याचे खांद्यावरचे पट्टे ओढून रेडिओ जोडून देतो. मानेच्या संरक्षक पट्टीवर खांद्याचा पट्टा नीट बसला नाही किंवा कमरेचा पट्टा सीटखाली अडकला, तर वीस सेकंद सहज जातात. 2016 आणि 2017 मध्ये डब्ल्यूईसीत, म्हणजे लांब पल्ल्याच्या जागतिक अजिंक्यपदात, इंधन भरून झाल्याशिवाय टायरला हात लावता येत नसे. त्यामुळे इंधन भरेपर्यंत ही अदलाबदल उरकली तर तिचा वेळ फुकटात मिळे, आणि उशीर झाला तर तो सगळा शर्यतीतून जाई.

प्रियोची जीटीतली कमाई पाहा. 2005 मध्ये बीएमडब्ल्यू एम3 जीटीआरवर न्युर्बुर्गरिंगची 24 तासांची शर्यत जिंकली. 2011 मध्ये सेब्रिंगच्या बारा तासांत जीटी गटात पहिला आणि ल मांला गटात तिसरा. 2016 पासून फोर्ड जीटी. ल मांला त्या वर्षी सुरुवातीलाच त्याच्या 67 क्रमांकाच्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला आणि फोर्डचीच 68 क्रमांकाची गाडी गट जिंकून गेली. पण शरद ऋतूत फुजी आणि शांघाय या दोन्ही शर्यती त्याने हॅरी टिंकनेलबरोबर जिंकल्या. 2017 च्या ल मांला शेवटच्या फेरीत कॉर्वेट पंक्चर टायरवर रखडत होती. अॅस्टन मार्टिन तिला मागे टाकून आधीच निघून गेली होती आणि टिंकनेलने अंतिम रेषेजवळ तिला गाठून दुसरी जागा काढली. त्या गाडीत प्रियो आणि पिपो देरानीही होते.

प्रश्न : सेब प्रियो हा त्याचाच मुलगा का? (पणजी)

हो. 2021 साली उत्तर अमेरिकेत पोर्शे कॅरेरा कप पहिल्यांदा भरला, तो सेबने जिंकला. नंतर तो तिकडेच जीटी गाड्या चालवू लागला.