नीट हुकली, तरी प्रोस्टेट कॅन्सरवर संशोधन करता येईल का?

प्रश्न: माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाल्यापासून मुलीने ठरवलंय, याच कॅन्सरच्या जनुकांवर काम करायचं. नीटमध्ये तिचा नंबर लागला नाही. सध्या ती सोलापुरातच बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक क्लासवाले सहा महिन्यांचा जीनोमिक्सचा (सगळ्या जनुकांच्या एकत्रित अभ्यासाचा) कोर्स 80 हजारांत देतायत. पैसे भरू का? — एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर: भरू नका. पीएच.डी.च्या मुलाखतीत असलं सर्टिफिकेट कोणी बघत नाही. नेट किंवा गेट या देशपातळीवरच्या परीक्षांचा निकाल बघतात आणि तिला स्वतःला काय करता येतं ते विचारतात.

नीट हुकल्याने बायोप्सी घेण्याचा आणि औषध लिहून देण्याचा रस्ता बंद झाला, संशोधनाचा नाही. 2005 साली मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नैयन यांच्या गटाने प्रोस्टेट कॅन्सरमध्ये टीएमपीआरएसएस2 आणि ईआरजी ही जनुकं एकमेकांना जोडली गेल्याचं दाखवलं. त्याचा पहिला धागा आधीच जमलेल्या माहितीवर संगणकाने केलेल्या विश्लेषणातून हाती आला होता. अशा कामाला एम.एस्सी., पीएच.डी. झालेली माणसंच लागतात.

पण नुसता संगणक येऊन भागत नाही. ओलापॅरिब हे औषध बीआरसीए2सारखं डीएनए दुरुस्त करणारं जनुक बिघडलेल्या पेशंटांना उपयोगी पडतं. 2020 साली त्याला प्रोस्टेट कॅन्सरसाठी मान्यता मिळाली ती ज्या चाचणीवरून, तिच्यात 4047 पेशंटांच्या गाठीचे नमुने तपासायला घेतले. निकाल हाती आला फक्त 2792 जणांचा. नमुने वाया का जातात, हे तिने आत्ताच समजून घ्यावं. तुकडा फॉर्मालिनमध्ये जास्त दिवस पडून राहिला की डीएनए तुटतो आणि डीएनएच्या अक्षरांपैकी सायटोसिनच्या जागी थायमिन वाचलं जातं, म्हणजे नसलेलं म्युटेशन (जनुकातला बदल) दिसतं. हा कॅन्सर हाडांत पसरतो; हाडाचा तुकडा मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर वाचण्याजोगं काही उरत नाही, तिथे ईडीटीए हे सौम्य रसायनच लागतं. रक्तातून गाठीचा डीएनए शोधताना साध्या ट्यूबमधलं रक्त तासन्‌तास तसंच राहिलं तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि गाठीचा अंश त्यांच्या डीएनएत बुडून जातो. शिवाय म्हाताऱ्या माणसाच्या रक्तपेशींत स्वतःचेच बदल साचलेले असतात, म्हणून पांढऱ्या पेशींचं सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) वेगळं करून ताडून बघावं लागतं.

आता कामाचं. या वर्षी लिनक्सची कमांड लाइन (आज्ञा टाइप करून संगणक चालवणं), आर ही आकडेवारीची संगणकभाषा आणि संख्याशास्त्र. तिन्ही फुकट शिकता येतात. सीबायोपोर्टल या कॅन्सरच्या जनुकांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर टीसीजीए या अमेरिकी कॅन्सर-जनुक प्रकल्पाच्या 2015 च्या अभ्यासातल्या 333 प्रोस्टेट गाठींची माहिती खुली आहे. एसपीओपी या जनुकाचं म्युटेशन आणि ईआरजीची जोडणी सहसा एकाच गाठीत सापडत नाहीत. हे तिने स्वतः आलेख काढून पडताळावं. 80 हजारांच्या कोर्सपेक्षा हा एक आलेख मुलाखतीत जास्त बोलेल.

तिसऱ्या वर्षी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षा द्याव्यात. एम.एस्सी.ला खुल्या गटात 55 टक्क्यांच्या खाली गेलं तर नेटचं दार बंद होतं, तेवढं जपा. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, शहरानुसार घरभाडं वेगळं. कॅन्सरसाठी खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र पहिलं डोळ्यासमोर ठेवा. तिथली निवडप्रक्रिया वेगळी असते. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात, म्हणजे तिची तिशी जवळ येते. लग्नाची घाई करणारे नातेवाईक असतील तर हा हिशोब त्यांना आधीच सांगून ठेवा.

दूर जाण्याआधी बार्शीला जाऊन या. 1987 पासून तिथे ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये कॉलेजच्या विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जावं आणि सुट्टीत पॅथॉलॉजीत पॅराफिनचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) कसा बनतो ते बघू देण्याची विनंती करावी. एक-दोन खेपा फुकट जातील. पेशंटांची माहिती मात्र एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय मागू नये.

शेवटी तुमच्या घरापुरतं. वडिलांचा कॅन्सर पसरलेला असेल तर त्यांच्या डॉक्टरांना रक्तावरच्या बीआरसीए तपासणीबद्दल विचारा. बीआरसीए2मधला दोष तुमच्यामार्फत मुलीकडेही आलेला असू शकतो, आणि त्याने बायकांना स्तनाच्या व अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तपासणी आधी वडिलांची, मग गरज पडली तर तुमची.