मॅडम, बाळ मग नक्की कोणाचं?

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा आला आहे की माणसं बसायच्या आधीच मला तो ओळखू येतो. आई एका देशाची, बाबा दुसऱ्या देशाचे. बाळाच्या आनंदामागोमाग कागदांची फाईल येते आणि कोणीतरी विचारतं, "एक पासपोर्ट घेतला की दुसरा देश तुटतो का हो?"

गौरी आणि लुकास (नावं बदलली आहेत) असेच आले. ती गिरगावची, तो जर्मनीत जन्मलेला जर्मन, संसार कोलोनला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून गौरी मुंबईत आली आणि मुलगा इथेच झाला. लुकास रजा काढून आला होता. बाळ सात महिन्यांचं झालं तरी पासपोर्टचा अर्ज भरलेला नव्हता. सोबत गौरीचे वडील, आप्पा, आले होते.

आधी कायद्याचं सांगते, कारण निम्मी भीती अर्धवट माहितीतून येते. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या बाळाचा एक पालक भारतीय असेल आणि दुसरा बेकायदा आलेला नसेल, तर बाळ जन्मानं भारतीय ठरतं. तेच बाळ कोलोनला झालं असतं तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागली असती, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहूनही द्यावं लागलं असतं. माहेरी येण्याच्या आपल्या जुन्या रीतीनं इथे लागू होणारं कलमच बदललं! वडिलांमुळे ते जर्मनही आहेच. २७ जून २०२४ पासून जर्मनीनं दुहेरी नागरिकत्वाची वाट मोकळी केली, त्या बातमीवर लुकास निर्धास्त होता. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवता येत नाहीत. जर्मन पासपोर्ट घेतला तर बाळासाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढता येतं. त्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय ये-जा करता येते, इथे राहता येतं, शिकता येतं. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या कागदांबद्दल शेवटचा शब्द मात्र वकिलाकडून घ्या.

हे सगळं गौरीला पाठ होतं. तरी झोप नव्हती. माहिती पुरी असूनही निर्णय होत नाही, तेव्हा अडलेलं काहीतरी दुसरंच असतं, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. चिंता एकाच्या तोंडून बोलते, गाठ मात्र सगळ्या घरात असते, अशी माझी धारणा आहे. म्हणूनच मी आप्पांनाही आत बोलावलं होतं.

दुसऱ्या भेटीत मी फाईल चाळत होते. महापालिकेचा जन्मदाखला हाती आला. बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता.

"घरी काय हाक मारता?"

गौरी म्हणाली, "नुसतं बाळा." लुकास म्हणाला, "योनास." आप्पा म्हणाले, "सदाशिव. माझ्या वडलांचं नाव."

बारसं राहिलंच होतं. जर्मनीहून आजी-आजोबा यायचेत, हे सांगायचं कारण होतं. मी थांबले. मग गौरीच बोलली, "जर्मन पासपोर्ट घेतला की तो त्यांचा होईल. उद्या आमचं नाही पटलं तर मी कुठे उभी राहू?"

लुकासला बऱ्यापैकी मराठी कळतं. त्यानं सावकाश विचारलं, "गौरी, 'त्यांचा' म्हणजे माझा?"

खोलीत कोणीच बोलेना. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं हेच माझं काम असतं, आणि ते मला जमतं, असं मी मानते. बऱ्याच वेळानं लुकास म्हणाला, "इथे मला कोणी पाण्याचा ग्लास स्वतः घेऊ देत नाही. मी चार महिने पाहुणा आहे."

आप्पा चकित झाले. "अहो जावईबापू, तो मान आहे!" मग त्यांचा आवाज उतरला. "एकुलती एक पोर आमची. नातू गेला की घरात कोण राहणार?"

तीन माणसं, तिघांची एकच भीती: आपण बाहेरचे ठरू. पासपोर्ट त्या भीतीवरचं पांघरूण होता.

गौरीला मी एवढं सांगितलं की पासपोर्टच्या रंगावरून मुलाचा ताबा ठरत नाही. आपल्याकडची न्यायालयं बाळाचं हित बघतात. आणि तुमच्याही घरात असा अर्ज अडला असेल, तर आधी एकमेकांना विचारा, "तुला कशाची धास्ती वाटते?" हे बाळासमोर, आजी-आजोबांसमोर बोललात तरी चालेल. भांडण होईल, होऊ द्या. मूल मोठं झाल्यावर "तू अर्धा हा, अर्धा तो" असं म्हणू नका. दोन्ही घरांच्या भाषा त्याच्या कानावर रोज पडू द्या.

पुढच्या महिन्यात बारसं झालं. नाव दोघांनी मिळून ठरवलं, ते इथे सांगत नाही. वॉर्ड ऑफिसात जाऊन रकाना भरला. राहायचं कोलोनला, म्हणून जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय असं ठरलं. ओसीआयच्या फोटोसाठी आप्पांनी बाळामागे फिकट निळी चादर धरली. पहिल्या फोटोत कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला. तो चालणार नव्हता, म्हणून दुसरा काढला. पहिला गौरीनं मला पाठवला.