मेदच आहे, मग पेशीच्या बाहेरच का थांबतो?

प्रश्न : मॅडम, मी बारावीला आहे, लातूरला राहून नीटची तयारी करतो. स्टेरॉईड संप्रेरकं मेदात विरघळतात म्हणून पेशीपटल ओलांडून आत जातात, असं शिकवलं. मग एलपीए हाही मेदच. त्याला चेतापेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर कशाला लागतो? आणि त्याने पेशीचा आकार कसा बदलतो?
– एक विद्यार्थी, अहमदपूर

उत्तर : क्लासच्या धावपळीत तुला हे खटकलं, याचा मला फार आनंद झाला. एलपीए म्हणजे लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल. त्याचा रेणू वहीत काढ बरं. मधे ग्लिसरॉल, एका बाजूला मेदाम्लाची एकच शेपटी, दुसऱ्या टोकाला फॉस्फेट. या फॉस्फेटवर ऋणभार असतो, आणि असा भार घेऊन पटलाच्या तेलकट गाभ्यातून सहजी पार होता येत नाही. म्हणून त्याचा निरोप पृष्ठभागावरच झेलायला रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन, लागतं. स्टेरॉईडला ही अडचण नाही. 'मेद म्हणजे आत जाणारच' असं लिहून ठेवलं असशील तर ते खोड. प्रोस्टाग्लँडिनं हे संप्रेरकांसारखे निरोप्या रेणू, तेही मेदच, पण त्यांचेही रिसेप्टर पृष्ठभागावरच असतात.

एलपीएचा पहिला रिसेप्टर १९९६ साली जेरॉल्ड चुन यांच्या गटाने ओळखला. पटलातून सात वेळा आरपार गेलेलं हे प्रथिन.

आकाराचं म्हणशील, तर ते मी पुण्यात शिकताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. न्यूरोब्लास्टोमाच्या (चेतापेशींशी संबंधित एका कर्करोगाच्या) पेशी सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, घातलेल्या द्रवात गोल बसून असतात. सीरम काढलं की काही तासांत त्यांना लांब, बारीक फांद्या फुटतात. त्यात एलपीए अगदी किंचित टाकलं, की लाजाळूला बोट लागावं तशा त्या मिटतात, काही मिनिटांतच! (सीरममध्येही एलपीए असतंच, रक्त गोठताना ते तयार होतं.)

आत काय घडतं? रिसेप्टर जी-१२/१३ प्रथिनांना चालना देतो, ती ऱ्हो नावाच्या प्रथिनाला, ऱ्हो आपल्या कायनेज या विकराला. मग मायोसिन हे प्रथिन ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू ओढतं आणि पेशी आकसते. स्नायू आकसतो तोही याच जोडीमुळे.

एक मात्र नीट लक्षात घे. एस१पी, म्हणजे स्फिंगोसिन-१-फॉस्फेट, हा एलपीएचा जवळचा नातलग. त्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या रिसेप्टरमुळे ऱ्हो जागा होऊन फांद्या आखडतात. पहिल्यामुळे रॅक नावाचं प्रथिन कामाला लागतं आणि पेशी पसरते. रेणू तोच, परिणाम उलटा. त्यामुळे आकृतीत नुसता मेद दाखवून बाण काढू नकोस, रिसेप्टरचा क्रमांकही लिही.